मुकादमांचं चार कुलपांचं दार

बद्रुद्दीन मुकादमांच्या घरी चोरी झाली नाही, आणि सगळा घोळ तिथूनच सुरू झाला.

चोरी झाली ती बी विंगमध्ये. तिथलं एक कुटुंब लग्नाला गेलेलं हेरून कोणीतरी भरदुपारी कुलूप तोडलं आणि लॅपटॉप, चांदीची समई अन् का कोण जाणे, मिक्सरचं चटणीचं भांडं घेऊन पोबारा केला. ए विंगकडे चोर फिरकलेसुद्धा नाहीत. हे कळल्यावर बद्रुद्दीन आधी "शुक्र आहे अल्लाहचा" म्हणाले. मग चहा अर्धा संपेपर्यंत त्यांना ते जरा लागायला लागलं. कुवेतला बावीस वर्षं काढलेला माणूस ए विंगमध्ये राहतो हे पनवेलजवळच्या या अख्ख्या विचुंब्याला ठाऊक आहे. वाण्याला ठाऊक, रिक्षावाल्यांना ठाऊक. मग चोरांनाच तेवढं ठाऊक नसावं?

"आपल्याकडे कसे नाही आले?" त्यांनी बायकोला विचारलं.

"आले असते तर 'दुसऱ्या दिवशी या' म्हणून परत पाठवलं असतं. आज माझी भांडी घासायची होती," ताहिरा म्हणाली. "आणि आहे काय आपल्याकडे नेण्यासारखं? दागिने माहनूरच्या निकाहात दिले. राहिली तुमची ती कुवेतची ब्लँकेटं. चोराला उन्हाळ्यात ब्लँकेटं काय करायचीत?"

ब्लँकेटांवरून बोललेलं बद्रुद्दीनना चालत नसे. पण त्या क्षणी त्यांचं तिकडे लक्ष नव्हतं. ते दाराकडे बघत होते, आणि ज्या नजरेने बघत होते ती ताहिराच्या चांगल्याच ओळखीची होती. तिने मुकाट्याने कप उचलले.

आता इथे सांगायला हवं, की कुवेतच्या तेलाच्या कारखान्यात बद्रुद्दीन साधेसुधे कोणी नव्हते. सेफ्टी ऑफिसर होते. कोणी हेल्मेट काढून डोकं खाजवलं तरी शिट्टी मारायची, हे त्यांचं काम. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, पण शिट्टी काही आतून जाईना. सोसायटीच्या गणपतीत पोरं मांडवाला दिवे लावायला शिडीवर चढली, तेव्हा हे खाली उभे राहून "शिडी धर, शिडी धर" म्हणून इतके ओरडले, की शिडी धरणाराच दचकला आणि शिडी सोडून बाजूला झाला. अशा माणसाच्या शेजारच्या विंगेत घरफोडी म्हणजे त्याच्या इभ्रतीचाच सवाल.

ते थेट पोलीस चौकीत गेले. हवालदार भला माणूस होता. त्याने खुर्ची दिली, पाणी दिलं आणि म्हणाला, "काका, काळजी करू नका. आपल्या भागात यंदा घरफोड्या कमी आहेत. मागच्या वर्षीपेक्षा बऱ्याच कमी."

दुसरा कोणी असता तर निश्चिंत होऊन घरी गेला असता. पण ज्या साइटवर बरेच महिने अपघात होत नाही तिथे आता कधीही होणार, हे बद्रुद्दीनच्या धंद्यातलं पहिलं गृहीतक. "कमी आहेत म्हणजे राहिलेल्या व्हायच्या आहेत," असं म्हणून ते उठले. हवालदाराने बराच वेळ त्यांच्या पाठमोऱ्या आकृतीकडे बघितलं.

घाईचं कारणही होतं. श्रीवर्धनला दिलेल्या लेकीला, माहनूरला, मुलगा झाला होता, आणि त्याचा अकीका ठरला होता. जावळ काढायचं, नाव ठेवायचं, दावत द्यायची. माहनूरने फोनवर सरळ बजावलं होतं, "अब्बा, या खेपेला 'घर कोण बघणार' हे मला ऐकायचं नाही. तुम्ही आलात तरच नाव ठेवीन. नाहीतर पोरगा बिननावाचा फिरेल." कारण कुवेतहून परतल्यापासून मुकादम नवराबायको एकत्र असे कुठेच गेले नव्हते. ती गेली की हे राखणीला, हे गेले की ती. जणू घर म्हणजे अंथरुणाला खिळलेलं कोणी म्हातारं माणूस. आणि आता बी विंगेच्या चोरीनंतर तर बद्रुद्दीन कोपऱ्यावरच्या दुकानात दूध आणायला गेले तरी अर्ध्या वाटेतून कुलूप ओढून बघायला परत येत.

सल्ल्यांना तोटा नव्हता. समोरच्या दारातल्या गंगाबाई, मूळच्या उरणच्या कोळी, म्हणाल्या, "खिडकीत बोंबील टांगून ठेवा. वासानं चोर येयाचा नाय."

"अगो, तू टांगतंस म्हणून पावनंपन येत नाय आपल्याकडं," त्यांचे यजमान बुधाजी आतून ओरडले.

वरच्या मजल्यावरची कोमल, द्रोणागिरीच्या एका गोदामात सुपरवायझर होती, तिने कॅमेरा सुचवला आणि लावूनही दिला. दारासमोर काही हललं की बद्रुद्दीनच्या फोनवर घंटी वाजायची. पहिल्या दिवशी ती मांजरामुळे वाजली, कचरेवालीमुळे वाजली, गंगाबाई बोंबील वाळत घालायला गेल्या तेव्हा जाताना वाजली आणि येताना वाजली. बद्रुद्दीन घरात सोफ्यावर बसून आपल्याच घराचा बंद दरवाजा फोनवर टक लावून बघत राहिले. संध्याकाळी ताहिराने कॅमेऱ्यावर उशीचा अभ्रा घातला.

मग बद्रुद्दीननी कपाटावरची पेटी काढली. त्यांच्या कारखान्यात एक पद्धत होती. एखादी टाकी किंवा मशीन दुरुस्तीसाठी बंद करायचं, तर दांड्याला एक लोखंडी पकड लावत. तिला ओळीने भोकं. कामावरचा प्रत्येक माणूस त्यात आपापलं कुलूप घाली आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवी. सगळ्यांची कुलपं निघाल्याशिवाय ते कोणाच्या बापाला सुरू करता यायचं नाही. अशी एक पकड निरोपसमारंभाच्या वेळी मित्रांनी त्यांना प्रेमाने दिली होती. लोक निरोपाला घड्याळ देतात. असो.

"चोर एक कुलूप तोडेल, दोन तोडेल," बद्रुद्दीन म्हणाले. "चार वेगवेगळी कुलपं, चार माणसांच्या खिशात चार किल्ल्या! कोणाची छाती आहे?"

गणू सुताराला बोलावून बाहेरच्या जाळीच्या दाराला नवा कडी-कोयंडा बसवून घेतला. कडी बोल्टांनी आरपार आवळली. नट कुठल्या बाजूला घ्यायचे यावर गणूशी पाऊण तास वाद झाला, आणि नट आतूनच हवेत, नाहीतर चोर पाना लावून काढेल, हे बद्रुद्दीननी त्याला चित्र काढून पटवलं. लाकडी दाराचं जुनं लॅच त्यांनी उखडायला लावलं. "हे काय लॅच आहे? पत्त्याच्या पानाने उघडतं." लॅचच्या जागी एक गोल भोक राहिलं. त्यातून स्वयंपाकघर दिसे.

"यात नवं लॅच कधी बसणार?" ताहिराने विचारलं.

"त्याची आता गरजच काय?" बद्रुद्दीन म्हणाले.

निघायचा दिवस उजाडला. म्हणजे दुपार. पनवेलहून श्रीवर्धनची शेवटची एसटी गाडी धरायची होती. बॅगा खाली पाठवल्या होत्या, आणि जिन्याच्या सपाटीवर बद्रुद्दीननी तिघांना जमवलं होतं. बुधाजी, कोमल आणि सोसायटीचे सेक्रेटरी काशिराम घरत. प्रत्येकाच्या हातात नवंकोरं कुलूप, चौथं त्यांच्या स्वतःच्या. कोमलला शिफ्टची घाई, बुधाजींना करंजाच्या बंदरावर भावाची होडी लागायच्या आत पोचायचं होतं. पण कुवेतमध्ये काम सुरू करण्याआधी भाषण होत असे, तेव्हा इथेही झालं.

"लक्षात ठेवा. किल्ली ज्याची त्याच्याच खिशात. बायकोकडे नाही, खुंटीवर नाही. आणि चौघे हजर असल्याशिवाय कोणी आपलं कुलूप काढायचं नाही. कोणी कितीही गयावया केली तरी. अगदी मी केली तरी!"

"तुमी केली तरी?" बुधाजींनी खात्री करून घेतली.

"अगदी मी केली तरी."

काशिराम घरतांना हे भलतंच आवडलं. त्यांनी मान हलवली, कुलूप लावलं, ओढून बघितलं आणि सोसायटीच्या ग्रुपवर टाकायला फोटो काढला. फोटोत बद्रुद्दीन कुलपांच्या शेजारी ताठ उभे आहेत. टाळ्यासुद्धा झाल्या. मग कोमल धावत गेली, बुधाजी गेले, आणि बद्रुद्दीन समाधानाने एकेक पायरी उतरून खाली आले. रिक्षात बॅगा ठेवल्या. डबा ठेवला. बाळंतिणीसाठी घेतलेला डिंकाच्या लाडवांचा मोठा पुडा ठेवला.

"भाभी कुठे?" रिक्षावाल्याने विचारलं.

बद्रुद्दीननी इकडे बघितलं, तिकडे बघितलं. तेवढ्यात तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून आवाज आला, "अहो! गॅस बंद केलाय, नळ बघितले. आता मी बाहेर कशी येऊ?"

कुवेतला टाकीचं झाकण लावायच्या आधी बद्रुद्दीन दरवेळी आत डोकं घालून ओरडत, "आत कोणी आहे का?" दोनदा ओरडत. नव्या पोरांना हेच सगळ्यात आधी शिकवत. एका पठाणाने ऐकलं नाही म्हणून त्याला दोन दिवस घरी बसवलं होतं. हे सगळं त्यांना त्या क्षणी आठवलं, आणि रिक्षेच्या दांडीला धरून ते उभेच राहिले. कान गरम झाले होते. त्या पठाणाला हे कळलं तर तो पेशावरहून हसायला येईल, असं त्यांना वाटून गेलं.

"घाबरू नकोस!" ते वर बघून ओरडले.

"मी कुठे घाबरलेय? ऐका तर. मी काय म्हणते..."

"तू शांत बस! पाणी पी! सगळं माझ्या हातात आहे!"

हातात होती एक किल्ली. बुधाजींना फोन लावला, तर तो गंगाबाईंच्या स्वयंपाकघरात वाजला. होडीवर जाताना ते फोन नेत नसत, भिजतो म्हणून. किल्ली मात्र शिस्तीत खिशात घालून गेले होते. कोमलच्या गोदामात फोन गेटवर जमा करावा लागे. उरले काशिराम घरत. ते खाली पार्किंगमध्येच होते, मागे हात बांधून.

"घरतसाहेब, तुमचं कुलूप काढा. बाकीच्यांचं बघतो काहीतरी. ताहिरा आत राहिली."

घरतांनी सगळं शांतपणे ऐकलं. "काढलं असतं हो. पण चौघे हजर नाहीत."

"अहो, माझी बायको आहे आत!"

"तुम्हीच बोललात. 'अगदी मी गयावया केली तरी.'" घरतांनी चष्मा पुसला. "सिस्टिम म्हणजे सिस्टिम, मुकादम. आज तुमच्यासाठी मोडली तर उद्या कोणीही म्हणेल, माझी बायको आत आहे."

पार्किंगच्या जागेवरून या दोघांचं दोन वर्षं बिनसलेलं होतं, हे या ठिकाणी लक्षात घेतलेलं बरं. सगळ्यात वाईट म्हणजे बद्रुद्दीनना घरतांचं म्हणणं मनातून पटत होतं.

मग माणसं जमली. कोणी म्हणालं अग्निशमन दलाला बोलवा, कोणी म्हणालं चादरी बांधून खाली सोडा. एकाने तर बी विंगमधल्या चोरांचा पत्ता लागतो का बघा म्हणून सुचवलं, ते लोक झटपट काम करतात. यावर सगळे हसले. बद्रुद्दीनसुद्धा हसले, पण त्यांचा चेहरा बघवत नव्हता. गाडी पनवेलला यायला फार वेळ राहिला नव्हता. माहनूरचा फोन दोनदा येऊन गेला होता आणि त्यांनी उचलला नव्हता.

"अहो ऐका!" वरून ताहिरा.

"घाबरू नकोस म्हटलं ना!" खालून बद्रुद्दीन.

ताहिरा गॅलरीतून आत गेली. थोड्या वेळाने जिन्यावरून पावलं वाजली आणि ती सगळ्यांसमोर येऊन उभी राहिली. डोक्यावर ओढणी, खांद्याला पर्स, हातात पाना.

"नट आतून आहेत," ती म्हणाली. "तेच मघापासून सांगत होते."

सगळे वर धावले. चारही कुलपं जशीच्या तशी होती. चौकटीच्या कोयंड्यातल्या पकडीला ऐटीत लटकत होती, त्यांच्यासोबत दाराची कडीही लटकत होती, आणि दार सताड उघडं होतं. घरतांनी आपलं कुलूप पुन्हा एकदा ओढून बघितलं. पक्कं होतं.

"तुला पाना चालवता येतो?" बद्रुद्दीननी विचारलं. इतक्या वर्षांचा संसार झालेला नवरा बायकोला हे विचारत होता.

"तुम्ही तिकडे होतात तेव्हा इथले नळ काय फरिश्ते दुरुस्त करायचे?"

गंगाबाई पदर तोंडाला लावून इतक्या हसल्या की त्यांना जिन्यावरच बसावं लागलं. पण हसणं ओसरल्यावर पेच लक्षात आला. कडी पुन्हा बसवायची तर नट आवळायला कोणीतरी आत हवं. बाहेरून आवळता येत नव्हती, तीच तर तिची खुबी होती. आणि लाकडी दाराला लॅचच्या जागी भोक. म्हणजे घराला कुलूप लावायचं असेल, तर घरात माणूस राहिल्याशिवाय गत्यंतर नव्हतं.

बद्रुद्दीननी खाली बघितलं. मग नेहमीच्या आवाजात म्हणाले, "तू जा. मी आत थांबतो. उद्या सकाळी गणूला बोलावतो, जमलं तर मागून येतो."

ताहिराने पाना जमिनीवर ठेवला. ती चिडली नव्हती. चिडली असती तर बरं झालं असतं.

"माहनूर जन्मली तेव्हा मी एकटी होते," ती म्हणाली. "तिचं शाळेत नाव घातलं तेव्हा एकटी. तिला टायफॉइड झाला तेव्हा एकटी. तेव्हा पोटापाण्याचा प्रश्न होता, मान्य. मी कधी काही बोलले का? आज काय आहे? ब्लँकेटं? मी निघाले. तुम्हाला आतून नट आवळायचे तर आवळा."

आणि ती खरोखर जिना उतरायला लागली.

बद्रुद्दीन दारात उभे राहिले. आत सोफा दिसत होता, टीव्ही दिसत होता, कपाटावर ब्लँकेटांचं गाठोडं. बावीस वर्षांच्या घामाचं घर उघडं टाकून जायचं म्हणजे काही खायचं काम नव्हतं, मग कोणी काही म्हणो. गंगाबाईंनी तोवर आपल्या घरातून पाट आणला, सुक्या जवळ्याची टोपली आणली आणि मुकादमांच्या उंबऱ्यात बसकण मारून जवळा निवडायला घेतला.

"जावा तुमी," त्या मान वर न करता म्हणाल्या. "आमी हाव ना हिकडं. आनि नातवाचा पापा घ्या आमच्या नावानं."

"दाराला काहीच नाहीये, गंगाबाई."

"मी हाय नाय का? जावा म्हंते ना! गाडी जाल तुमची."

बद्रुद्दीन जे सुटले ते दोन-दोन पायऱ्या उतरत सुटले. सेफ्टी ऑफिसरने जिना असा कधी उतरू नये. रिक्षा सुरू झाली होती. ते पळत्या रिक्षेत चढले, तेही नियमात बसत नव्हतं. ताहिराने लाडवांचा पुडा मांडीवर घेऊन त्यांना जागा करून दिली आणि बाहेर बघत राहिली, पण तिची ओढणी तोंडावर होती आणि खांदे हलत होते. हसत होती की काय, हे त्यांनी विचारलं नाही.

वाटेत कुठेतरी वाहतूक तुंबल्यामुळे गाडी उशिरा आली, म्हणून मिळाली. दोघांची सीट शेजारी-शेजारी. पेण मागे पडेपर्यंत बद्रुद्दीन मनातल्या मनात चोरांना घरात फिरवत होते. हे इथे बसतील, हे उचलतील, हे ठेवून जातील. शेवटी त्यांना राहवेना.

"ताहिरा, मी कुवेतला होतो तेव्हा तुला एकटीला भीती नाही वाटली? ते तसलं लॅच होतं दाराला."

"वाटायची ना," ती म्हणाली. "फार वाटायची."

"मग बोलली नाहीस कधी. मी तेव्हाच चांगलं कुलूप बसवून दिलं असतं."

"चोराची नाही हो." ती खिडकीकडे बघत होती. "फोनची. तुमच्या टाक्या, तो गॅस, कुठे कुठे लागलेल्या आगी टीव्हीवर दाखवायचे. अवेळी फोन वाजला की चारपाच घंट्या होईपर्यंत मी उचलायचेच नाही. चारपाच घंट्या होईपर्यंत मी उचलायचेच नाही. वाटायचं, जोवर उचलला नाही तोवर तुम्ही ठीक आहात. त्याला कुठलं कुलूप लावायचं?"

गाडी वडखळच्या पुलावरून जात होती. बद्रुद्दीननी लाडवांचा पुडा तिच्या मांडीवरून आपल्या मांडीवर घेतला.

तेवढ्यात ताहिराच्या पर्समध्ये फोन वाजला. तिचा हात सवयीने छातीशी गेला. मग तिने वळून शेजारच्या सीटकडे बघितलं. तिथे तिचा नवरा बसला होता, पुडा मांडीवर घेऊन, घामेजलेला, केस विस्कटलेले. हात खाली आला.

"उचल ना," बद्रुद्दीन म्हणाले. "माहनूर असेल."

ताहिरा आरामात मागे रेलून बसली.

"वाजू दे जरा," ती म्हणाली.